मशीनचा आवाज मी बंद केला

माझे कान चांगले आहेत, हे मीच लोकांना सांगत आलो. हैदराबादच्या एका छोट्या स्टुडिओत मी ॲनिमेशनच्या फिल्मांना आवाज लावतो. पावलं, दारं, भांडी, वारा, पडद्यावर जे हलेल त्याला आवाज द्यायचा, हा माझा पोटापाण्याचा धंदा. पंख्याचं बेअरिंग जायला आलंय हे मी खालच्या मजल्यावरून ओळखतो. बायको म्हणते, त्याच कानांनी माझं बोलणं ऐकलं असतंस तर संसार सोन्याचा झाला असता. ही चेष्टा मी चारचौघांत मिरवत होतो. गेल्या डिसेंबरपासून मिरवत नाही.

माझं गाव मुडबी, बसवकल्याण तालुक्यातलं. आमची तुरीची शेती. वडील राघोबा अजूनही रोज रानात जातात, आणि आई राजूबाई रोज त्यांना 'आता बस करा' म्हणते. आमच्याकडे धुळाप्पा आणि त्याची बायको म्हाळसा वर्षानुवर्षं रोजानं येत. धुळाप्पाच्या वडिलांपर्यंत त्यांच्या घरी मेंढरं होती, पुढे चराई राहिली नाही आणि मेंढरंही गेली. धुळाप्पाकडे राहिली ती फक्त हाक. एक हात कानाला लावायचा, नाव लांबवर ओढत न्यायचं आणि शेवटी एकदम तोडायचं. त्याच्या तोंडून 'म्हाळसा' हे नाव दोन रानं ओलांडून जायचं. गावातली पोरं त्याची नक्कल करायची, त्यात मी पहिला.

पंधरा वर्षांपूर्वी, जानेवारीत, आमच्याच रानात रास चालू होती. रास म्हणजे मळणी. तुरीच्या पेंढ्या मशीनच्या तोंडात घालायच्या, एकीकडून दाणे, दुसरीकडून भुसकट. म्हाळसा तोंडावर उभी होती. धुळाप्पा पाणी आणायला विहिरीवर गेला, पायरीवरून घसरला आणि आत पडला. विहीर तिथून चाळीस पावलांवर. अर्ध्या तासानं मशीन थांबली तेव्हा कुणीतरी विचारलं, धुळाप्पा कुठाय? मी त्या वेळी लातूरला कॉलेजात होतो. मला फोनवर कळलं.

त्याने हाक मारली होती की नाही, हे कुणालाच ठाऊक नाही. डोक्याला मार लागला होता, पण हाताला विहिरीतल्या मोटारीच्या पाइपाच्या गंजाचे डाग होते, म्हणजे थोडा वेळ तो पाइप धरून होता. म्हाळसा महिनाभर एकच विचारत राहिली, "तेनी हाक मारली आसल का?" सगळं गाव तिला एकच सांगत राहिलं, "मशीन चालू व्हती. देवाला बी ऐकू आलं नसतं." हळूहळू तिनं ते मानलं. दुसऱ्या वर्षी ती पुन्हा कामाला आली. त्या एका वाक्यावर बाईनं पंधरा वर्षं काढली, असं म्हटलं तर खोटं होणार नाही.

तिची मुलगी तुळजा तेव्हा दहा वर्षांची होती. पुढे ती कलबुर्गीला चित्रकला शिकली. फोनवर जपानी चित्रकथा, ज्याला मंगा म्हणतात, त्या वाचायचं तिला वेड लागलं. हातखर्चाला शाळेच्या भिंती रंगवायची आणि उरलेल्या वेळात काळ्या शाईनं पानं काढायची. तिनं आई-बापाची गोष्ट काढली. साठ पानं. मी ती पानं पाहिली आणि आमच्या दिग्दर्शकाला, शरणबसवला, दाखवली. तो कलबुर्गीचा. पानं बघून त्यानं आपला चहा गार होऊ दिला. याची फिल्म करायची, असं त्याच दिवशी ठरलं. तुळजाला हे काम मी मिळवून दिलं, हे मी त्या काळात किती लोकांना सांगितलं याचा हिशेब नाही.

तिनं ती गोष्ट आईसाठी काढली होती. मला म्हणाली होती, "अण्णा, गाव आव्वाला तोंडानं सांगतंय. मी तिला दाखवनार. एकदा डोळ्यानं बगितली की तिच्या मनातला काटा निघंल."

आता ते पान. मंगात आवाज हेसुद्धा चित्रच असतं. पाऊस पडला की अक्षरं पडतात, दार आपटलं की चौकटीत अक्षरं आपटतात. तुळजानं राशीच्या पानांवर मशीनचं 'घर्रर्र' इतकं जाड काढलं होतं की माणसं त्या अक्षरांच्या फटीतून काम करताना दिसत. तीन पानं तसं. मग चौथं पान, सहा चौकटी. पायरी. घसरलेली चप्पल. पाइप धरलेला हात. धुळाप्पाचं उघडं तोंड. म्हाळसाचा फडक्यानं गुंडाळलेला चेहरा, फक्त डोळे. मशीनच्या तोंडात जाणारी पेंढी. या पानावर एकही अक्षर नव्हतं.

अक्षर नाही म्हणजे आवाज नाही, असं मी धरलं. मला तर ते पान बघताच पूर्ण ऐकू आलं. मशीन हळूहळू विरत जाईल, सगळं शांत होईल, लांब कुठंतरी एक पाखरू बोलेल आणि त्या शांततेत ती हाक येईल. माणसं खुर्चीत बसून रडतील. मी त्याच दिवशी कामाला लागलो.

आमच्याकडे पद्धत अशी की आधी नुसती चित्रं ओळीनं लावून त्यांवर आवाज बसवायचा, आणि त्या कच्च्या फिल्मवरून मग चित्रं हलवणारी मुलं हालचाली काढतात. म्हणजे आवाज आधी, हालचाल मागून. माझी कच्ची फिल्म तुळजाला पाठवली. तिचं उत्तर दोन ओळींचं होतं. 'ह्या पानावर मशीन चालूच आहे. कृपा करून बंद करू नका.'

मी तिला फोन लावला. मला राग आला होता, हे कबूल करतो. दहा वर्षं या धंद्यात घातलेला माणूस मी, आणि पहिलीच फिल्म करणारी पोरगी मला आवाज शिकवायलीय.

ती शांतपणे म्हणाली, "अण्णा, जपानी लोक शांततेला बी अक्षर लिवतात. मी बी लिवलंय. बाराव्या पानावर बगा, दुपारी समदे लिंबाखाली झोपल्यात, तितं मी शांततेचं अक्षर काडलंय. ह्या पानावर शांत असतं तर मी लिवलं असतं की."

"मग मशीनचं का नाही लिहिलंस?"

"तितं हुबारलं की कान बसतेत. मशीन बी ऐकू येत न्हाई. तुमी कवा मशीनच्या तोंडावर हुबारलात काय?"

मी कधीच उभा राहिलो नव्हतो. मालकाचा मुलगा लिंबाच्या सावलीत पोती मोजायला बसतो. तिथून मशीन ऐकू येते, माणसांच्या हाकाही ऐकू येतात, चहा आला की कपांचा किणकिणाटसुद्धा ऐकू येतो. माझ्या कानातली रास ही सावलीतली रास होती. हे मला तेव्हा समजायला हवं होतं. मी काय म्हणालो ते मात्र शब्दन् शब्द आठवतं.

"मला मशीन शिकवू नकोस तुळजा. मशीन आमचीच होती."

मग ती म्हणाली, "बरं अण्णा. तुमाला कळतंय तसं करा." आणि मी ते माझ्या बाजूचं मत समजलो.

हाकेसाठी शरणबसव नट बोलावणार होता. मी म्हटलं, कशाला, मीच मारतो. बंद खोलीत, माईकपुढे, एक हात कानाला लावून मी धुळाप्पाची हाक मारली. नाव ओढलं आणि शेवटी तोडलं. पहिल्या सात-आठ वेळा ती नुसती नक्कल झाली. नवव्या वेळी माझ्याच अंगावर काटा आला. काचेपलीकडे शरणबसवनं डोळे पुसले. त्या दिवशी मी फार खूश होतो.

मग फिल्म चित्रं हलवणाऱ्या मुलांकडे गेली. त्यांच्यापुढे शांतता होती आणि त्या शांततेत एक ठणठणीत हाक. बाई चाळीस पावलांवर उभी. हाक आली तर माणूस काहीतरी करणारच, नाही तर ते लाकडाचं वाटेल. म्हणून एका मुलानं तिच्या पापण्या जराशा वर उचलल्या. अगदी जराशा. पण पुढच्या चौकटीत पेंढी मशीनमध्ये जायलाच हवी होती, कारण पानावर तसं होतं. तेव्हा म्हाळसानं डोळे उचलले, क्षणभर थांबली आणि पेंढी आत घातली. मी हे पन्नास वेळा पाहिलं. पन्नासही वेळा मी पाखराचा आवाज जास्त झालाय का, एवढंच तपासत होतो.

फिल्म बाहेर जाण्याआधी गावात दाखवायची, ही शरणबसवची हौस. डिसेंबरातला रविवार, दुपारची वेळ. शाळेच्या हॉलच्या खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केला. सगळं गाव आलं होतं. म्हाळसाक्का पहिल्या रांगेत, नवं लुगडं नेसून, शेजारी माझी आई. तुळजा मागं भिंतीला टेकून उभी होती. सुरुवातीला हसणं चाललं होतं, पडद्यावर आपला लिंब, आपली वेस ओळखून पोरं ओरडत होती. धुळाप्पा पहिल्यांदा दिसला तेव्हा म्हाळसाक्का पदराआड हसली. "पोट जरा जास्ती काडलीस गं," असं तिनं मागं वळून तुळजाला सांगितलं आणि सगळे हसले.

मग रास आली. मशीन घरघरली. मग मशीन विरली. पाखरू बोललं. हाक आली. पडद्यावरच्या म्हाळसानं डोळे उचलले, थांबली आणि पेंढी आत घातली.

तेवढ्यात माझी आई, जिच्या पोटात काही राहत नाही, ती सहज म्हणाली, "आगं, हाक तर ऐकू आली की हिला."

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. तिनं जे दिसलं ते सांगितलं. पण ते सगळ्यांनाच दिसलं होतं. त्या एका वाक्यानंतर मला माझी फिल्म पहिल्यांदा दिसली. मी उठून प्रोजेक्टर बंद करायला हवा होता, पण मी बसून राहिलो आणि फिल्म पुढची नऊ मिनिटं, शेवटापर्यंत चालली.

दिवे लागल्यावर लोक आमच्याकडे न बघता बाहेर पडले. म्हाळसाक्का जागची उठली नाही. मी तिच्यापुढे जाऊन जमिनीवर बसलो.

"अप्पा," ती म्हणाली, "तवा मशीन बंद व्हती व्हय?"

"नाही अक्का. चालू होती. सगळ्यांना ठाऊक आहे."

"मग शिनिमात कामून बंद केलात?"

मी म्हणालो, "बघणाऱ्याला बरं वाटावं म्हणून." दुसरं खरं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

ती थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिली. तिथं आता नुसती पांढरी चादर होती. "मला वाटायचंच," ती म्हणाली. "त्या दिशी माझा हात एकदा थांबला व्हता. कामून थांबला ते कळंना. समदे म्हनले, तुला ऐकूच येनार न्हाई, मग म्या बी मानलं."

तुळजा खुर्च्या गोळा करत होती. मी तिच्याजवळ गेलो तेव्हा ती थांबली नाही. खुर्चीवर खुर्ची ठेवत म्हणाली, "मी तेवढंच एक पान आव्वासाठी काडलं व्हतं, अण्णा. बाकीची एकोनसाठ तुमी कशी बी केली असती तर मला चाललं असतं." तिनं मला शिवी दिली असती तर मी रात्री झोपलो असतो.

जानेवारीत मी रजा काढून गावी आलो. आमच्या रानात रास चालू होती. वडील नको नको म्हणत असताना मी डोक्याला फडकं गुंडाळलं आणि मशीनच्या तोंडावर उभा राहिलो. पहिली दहा मिनिटं आवाज छातीत बसत होता. अर्ध्या तासानं कान दुखायला लागले. तासाभरानं दुखणंही थांबलं आणि मग तुळजा म्हणाली होती तसंच झालं. मशीनसुद्धा गेली. सगळीकडे काहीच नव्हतं, आणि ती शांतता नव्हती. पेंढ्या देणारी बाई तोंडानं काही म्हणत होती, मग हातानं खूण करत होती. त्या कामावर सगळं हाताच्या खुणांवर चालतं, हे मला तेहतिसाव्या वर्षी कळलं.

तुळजाला मी विहिरीच्या पायरीवर उभं राहून माझ्या नावानं हाका मारायला सांगितलं होतं आणि आवाज टिपायचं यंत्र तिच्याजवळ ठेवलं होतं. मला एकही हाक आली नाही. मी वाट बघत होतो, कान टवकारून होतो, तरी आली नाही. नंतर यंत्र लावून ऐकलं. तिनं अकरा वेळा हाक मारली होती, शेवटच्या दोन वेळा घसा फाटेपर्यंत.

मी हैदराबादला परतलो आणि ते पान पुन्हा केलं. मशीन वाढवत नेली, इतकी की शेवटी ती ऐकू येईना, नुसता कानावर दाब राहिला. पाखरू काढलं. हाक काढली. धुळाप्पाचं तोंड उघडतं आणि त्यातून काही येत नाही. मुलाकडून पापण्याही खाली आणून घेतल्या. म्हाळसा थांबत नाही, वर बघत नाही, पेंढी आत जाते. शरणबसवनं आधी कुरकुर केली, मग दोनदा पाहिलं आणि म्हणाला, "हेच बरोबर आहे. आधी का नाही केलंस?"

संक्रांतीनंतर लॅपटॉप घेऊन मी म्हाळसाक्काच्या घरी गेलो. सकाळची वेळ, ती ओसरीत तुरीची डाळ पाखडत होती. यंदा ती राशीला आली नव्हती. गावात तिला कुणी टाकून बोलत नव्हतं, पण आता 'मशीन चालू व्हती' हे वाक्यही कुणी बोलत नव्हतं. तुळजा दारात उभी राहिली. मी नवं पान लावलं.

म्हाळसाक्कानं सूप खाली ठेवलं आणि सगळं नीट पाहिलं. मग म्हणाली, "हेच्यात तेनी हाक मारलीच न्हाई."

"मारली अक्का. पण ऐकू येत नाही. तुम्हाला ऐकू येणं शक्यच नव्हतं. मी स्वतः उभा राहून बघितलं, तुळजाला विचारा. तिनं अकरा हाका मारल्या, मला एक आली नाही."

"व्हय," ती म्हणाली. "माझ्यासाटी केलात तुमी हे. गाव म्हनायचं तसंच."

"तुमच्यासाठी नाही. हे खरं आहे."

"खरं ते पयलं." तिच्या आवाजात राग नव्हता, ती मलाच समजावत होती. "त्येच्यात तेंची हाक व्हती. हुबेहूब. आशी ओडून तोडायची हाक दुसऱ्या कुनाची न्हवती. ती कुटून आली सांगा बरं? व्हती म्हनून तर आली की."

तेव्हा मला कळलं की हात जोडून उपयोग नाही, पुरावा द्यायला हवा. "अक्का, ती हाक माझी होती," मी म्हणालो. "हैदराबादला एका खोलीत बसून मी मारली. धुळाप्पांची नक्कल मी लहानपणापासून करतो. ऐका." आणि मी ओसरीवर उभा राहिलो, एक हात कानाला लावला आणि तिच्या नावानं हाक मारली. जशी मारली होती तशीच, ओढून आणि तोडून. शेजारच्या घरातून दोन बाया बाहेर आल्या. तुळजानं तोंड फिरवलं.

म्हाळसाक्कानं डोळे उचलले, क्षणभर थांबली. मग सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

"लई तेंच्यावानी मारता तुमी," ती म्हणाली. "पर ती तुमची न्हवं. तुमी तवा लातूरला व्हतात, अप्पा. तितं म्या व्हते."